परदेशी स्थळ पाहताना घ्यावयाची काळजी

तालुक्याच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा आणि गेली काही वर्षं पासपोर्टचे अर्ज. नागपूरच्या विमानतळावर मी आजवर तीनदा गेलो, तिन्ही वेळा दुसऱ्यांना पोचवायला. तेव्हा लहान लेकरं घेऊन कोणत्या देशात जावं, या विषयात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला यवतमाळ जिल्ह्यात मिळायचा नाही. आमच्याकडे लग्नंही असेच लोक जुळवतात, ज्यांचं स्वतःचं जमलेलं नसतं.

पहिलं काम म्हणजे कारण पाठ करा. कारण एकच: ‘लेकरांच्या भविष्यासाठी.’ पगार, साहेबाचा जाच, भावकीतलं धुऱ्याचं भांडण, सासू-सुनेची धुसफूस, यातलं काही तोंडातून निघता कामा नये. लेकरू तीन वर्षांचं आहे. त्याला विचारायच्या भानगडीत पडू नका. त्याला सध्या फक्त शेजारच्या गोठ्यातल्या वासरापर्यंत जायचं आहे आणि तिथं व्हिसा लागत नाही.

दुसरं, देश निवडताना नकाशा उघडू नका. साडभाऊ कुठे आहे ते पाहा. साडभाऊ दुबईत असेल तर तुम्हाला किमान इंग्लंड गाठणं भाग आहे. तो कॅनडात असेल तर ऑस्ट्रेलिया चालेल, कारण दोन्हीकडे सारखंच बरं आहे असं सासरी सांगता येतं. तो अमेरिकेत असेल तर मात्र तुम्ही इथंच राहा आणि ‘आईबापांना सोडून आम्हाला नाही जमलं’ असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत राहा.

आता मुख्य मुद्दा. देश आपण निवडायचा असतो, अशी एक समजूत आहे. पोराकडचे पोहे खायला जातात तेव्हा त्यांनाही असंच वाटतं, की निवड आपण करून राहिलो. हल्ली मुलीकडचे तीन गोष्टी विचारतात: नोकरी कुठे, वावर किती, आणि पोरगा वावरात जातो का. पहिल्या दोहोंचं उत्तर भरभक्कम पाहिजे, तिसऱ्याचं ‘नाही’. परदेशी स्थळाचंही तसंच, फक्त तिथं सगळं तक्त्यात मांडलेलं असतं. कायम राहायला येऊ पाहणाऱ्याला कॅनडा १२०० पैकी गुण देतो. जोडीनं अर्ज करणाऱ्याला वयाचे १०० गुण २९ वर्षांपर्यंत. तिसाव्या वाढदिवसाला त्यातले ५ जातात, मग दरवर्षी ५, चाळिशीनंतर १०, आणि पंचेचाळिसाव्याला भोपळा. आमच्याकडच्या स्थळं सांगणाऱ्या मावशीकडेही हाच तक्ता आहे, तोंडपाठ. तिचा भोपळा पस्तिशीतच येतो, एवढाच फरक.

कॅनडाला चौघांच्या कुटुंबाकडून सुमारे २८ हजार कॅनेडियन डॉलर खात्यात दिसायला हवे असतात. एक मास्तर माझ्याकडून डिजिटल सहीचा सातबारा काढून घेऊन गेले. नऊ एकर, विहीर, बांधावर दोन आंबे. म्हणाले, हाच जोडा अर्जाला. मी सांगितलं, सर, ते जमीन धरत नाहीत, रोकड धरतात. ते बराच वेळ सातबाऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे नऊ एकर असून मी भूमिहीन?”

कॅनडाच्या लेखी, हाव.

ऑस्ट्रेलियाला किमान ६५ गुण लागतात आणि तिथला बायकोचा रकाना मी सर्वांना वाचून दाखवतो. बायको त्यांच्या यादीतल्या कामात कुशल असेल तर १०. तिला नुसतं बऱ्यापैकी इंग्रजी येत असेल तर ५. यातलं काहीच नसेल तर शून्य. आणि बायकोच नसेल तर पुन्हा १०. गावोगावी पारावर बसलेले जे तिशीपार पोट्टे ‘शेतकऱ्याला पोरगी कोणी देत नाही’ म्हणून कपाळाला हात लावून आहेत, त्यांच्या नावावर दहा गुण नुसते पडून आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते मला चहा पाजत नाहीत, का कोण जाणे.

पण खरी गंमत पुढे आहे. तिकडे ४९१ नंबरचा एक व्हिसा आहे. एखाद्या राज्यानं नाव सुचवलं आणि तुम्ही रीजनल भागात राहायला कबूल झालात, की १५ गुण. रीजनल म्हणजे, आपल्या भाषेत, खेडं. पुन्हा सांगतो, खेड्यात राहायचे गुण मिळतात. पाच वर्षांचा व्हिसा, त्यातली तीन वर्षं तिथं राहून कमावलं की कायमचं राहण्याचा, म्हणजे पीआरचा, अर्ज करता येतो. आमच्या तीन पिढ्या खेड्यात राहिल्या, कोणी अर्धा गुण दिला नाही. उलट बदलीच्या यादीत गाव आलं की शिक्षक आजारी पडतात.

त्यांची खेड्याची व्याख्याही दिलदार आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं रीजनल, त्यात पर्थ आणि अ‍ॅडलेडसुद्धा. याच मापानं मोजलं तर नागपूर खेडं ठरतं. आमच्या गावाला काय म्हणावं, त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागेल.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं सांगतो. बाईंनी सहा वर्षं नवऱ्याला बजावलं होतं, की आर्णीच्या पुढे मी राहणार नाही; तिथं धड शाळा नाही, दवाखाना नाही, संध्याकाळी सातनंतर बसही नाही. तीच बाई परवा माझ्या खुर्चीत बसून न्यू साऊथ वेल्समधल्या एका गावाचं नाव घोटून राहिली होती. गावाचं नाव मोरी. आपल्याकडे मोरीत भांडी घासतात. तिकडे पूर्ण कुटुंब नांदतं. मी इंटरनेटवर त्या मोरीचे फोटो काढून दाखवले. क्षितिजापर्यंत पांढरं. बाई म्हणाल्या, “बर्फ आहे का हो?” म्हटलं, नाही ताई, पऱ्हाटी आहे. मोरी, नॅराब्राय हा सगळा तिकडचा कापसाचा पट्टा. म्हणजे माणूस इथल्या पऱ्हाटीला कंटाळून, वावर गहाण टाकून, सुमारे दहा हजार किलोमीटर उडून जातो आणि उतरतो पऱ्हाटीतच. फक्त तिथं वेचणी यंत्र करतं आणि वेचणीच्या भावावरून सकाळी सकाळी कोणी अंगणात येऊन बसत नाही. एवढा फायदा मान्य केला पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा, की देश ठरवायच्या आधी एजंटाकडे नाही, बाजार समितीत जा. कोणत्या देशाचा माल आला म्हणून आज भाव पडला, हे अडत्याला विचारा. तो जे नाव घेईल तो देश उत्तम, कारण तिथल्या मालाला आपल्याकडे एवढा मान आहे म्हणजे तिथं काहीतरी असणारच. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये व्यापार करार झाला, त्यात लांब धाग्याच्या ५१ हजार टन कापसाला दरवर्षी आयात शुल्क माफ आहे. त्या गाठींना कोणी वय विचारत नाही, इंग्रजीची परीक्षा घेत नाही, बरोबर आलेल्या गाठीचं शिक्षण काय म्हणून चौकशी करत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर आमच्याकडे वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा व्हायच्या आधीच सगळ्याच परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. कॅनडाचं विचाराल, तर पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन वर्षं शुल्काविना उतरत होता आणि आमच्या तूर-हरभऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. वाटाण्याला पीआर मिळाली, मास्तरांची फाइल अजून अडकली आहे.

तशी ही जुनीच वहिवाट. मुर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे इंग्रज कंपनीनं काढली ती आमच्या म्हाताऱ्यांना पंढरीला न्यायला नव्हे. कापूस मुंबईला, तिथून मँचेस्टरला. या भागातून परदेशी गेलेला पहिला तो. तोही सहकुटुंब नव्हता गेला. जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढून इथं ठेवत, रुई तेवढी बोटीत चढे.

बाकीचे देश भराभर सांगतो.

जर्मनी चांगला. २०२६ पासून दर लेकरामागे महिन्याला २५९ युरो सरकार देतं, म्हणजे लेकरू घरात आल्या आल्या कमावतं होतं. पण रविवारी दुकानं बंद आणि आवाज बंद. ड्रिल मशीन लावलं तरी शेजारी तक्रार करतो. आपल्याकडे रविवारी डीजेनं खिडकीची काच गेली तरी शेजारी नाचायला येतो. शिवाय तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं, की पोरगं विद्यापीठाच्या वाटेच्या शाळेत जाणार की दुसऱ्या. तुम्ही चौथीच्या स्कॉलरशिपच्या धास्तीनं इथून पळाला असाल तर अभिनंदन, ती तुमच्या आधी तिथं पोचली आहे. आणि शाळा सुरू असताना पोरगं काढून मामाच्या लग्नाला आणलं तर दंड होऊ शकतो. त्यांची मोठी सुट्टी येते ऐन निंदणाच्या दिवसांत. तेव्हा मामाला लग्न आषाढात करायला सांगा.

इंग्लंडमध्ये उपचार फुकट आहेत, फक्त आधी पैसे भरावे लागतात. मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड, लेकरामागे ७७६. दोन मोठे, दोन लहान, पाच वर्षांचा व्हिसा: १८ हजार ११० पौंड, तेही साधी शिंक न येता, एकदम. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतात हे खरं, पण नसण्याचे ते काही घेत नाहीत. याच देशानं म्हातारे सांभाळायला जगभरातून माणसं बोलावली. मग ११ मार्च २०२४ पासून नियम केला, की या कामावर येणाऱ्यांनी नवरा-बायको, लेकरं आणायची नाहीत. आमच्या आईबापांचं करा, तुमच्या लेकरांचं तुमचे आईबाप करतील. २०२५ च्या जुलैत तर परदेशातून नवी भरतीच बंद केली. हा हिशेब इतका नेटका आहे, की त्यावर उपरोधानं लिहायला मला काही उरलं नाही.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ८५ हजार जागा आणि निवड २०२५ पर्यंत सरसकट चिठ्ठ्या टाकून. गणेश मंडळाच्या लकी ड्रॉसारखं, फरक एवढाच की मंडळाचं कुपन वीस रुपयांना मिळतं आणि यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. पुढे ग्रीन कार्ड. एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून आपली रांग दशकांची. तोवर लेकरू २१ वर्षांचं झालं की ते तुमच्या रांगेतून बाद. ज्याच्या भविष्यासाठी गेला होता, तेवढाच गळतो. तुम्ही रांगेत सुखरूप असता.

आखात? नागपूरहून शारजाला सरळ विमान आहे. उन्हाचं आपल्याला काय कौतुक, आपली ब्रह्मपुरी मे महिन्यात ४७ ला टेकते. पोरांना शाळाही सीबीएसईची, म्हणजे वाळवंटात जाऊन पुन्हा नीटचीच तयारी.

राहिले आईबाप. हा विषय तिकिटं निघाल्यावर काढा, त्याआधी काढला तर घरात चर्चा होते. घराला कॅमेरे बसवून द्या, म्हणजे बुढा ओसरीवर एकटा बसलेला तुम्हाला मेलबर्नमधून स्पष्ट दिसेल. दुसरं, त्याची तब्येत सांभाळा, यात भावनेचा काही भाग नाही. उद्या तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. हाती येतं ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाचं, कार्ड, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली तेवढी ठेवता येते. म्हणजे वावराशी तुमचा कायदेशीर संबंध एका माणसातूनच जातो आणि तो सध्या गुडघ्याला तेल लावून बसला आहे.

माझ्याकडे दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक बाबाजी येतात. घरचा फोन साधा, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर नात पाहायला. मी दहा रुपये घेतो. घ्यायचे नव्हते, पण फुकट म्हटलं असतं तर ते आले नसते. नात पाच वर्षांची. बाबाजींचा प्रश्न एकच असतो, “जेवली काय वं माय?” ती इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगते, बहुधा शाळेतल्या सशाबद्दल. बाबाजी माझ्याकडे वळून म्हणतात, “जेवली म्हणते.”

असो. तुमचा देश एकदाचा ठरला असेल तर आधारकार्ड आणि जन्माचे दाखले घेऊन या, लेकरांचे ग्रामपंचायतीतून काढलेले इंग्रजीतले आणा. पासपोर्टची फी मोठ्यांना १५००, लहानांना १०००, माझे प्रिंटचे वेगळे. अर्जात शेवटाकडे एक रकाना येतो: आणीबाणीच्या वेळी कोणाशी संपर्क साधावा. इथवर भराभर उत्तरं देणारा माणूस इथं अडखळतो. साडभाऊ आठवतो, पुण्याचा मित्र आठवतो. मग हळूच बापाचं नाव सांगतो. नंबर तेवढा पाठ आहे ना, बघा. आणि त्यांच्या फोनला रेंज पारावर गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे आणीबाणी शक्यतो संध्याकाळी पाचनंतर येऊ द्या, तेव्हा ते तिथं बसलेले असतात.