फाडलेली बिलं

आमच्या हौशी ग्रुपने गेले दोन रविवार ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' वाचायला घेतलंय. पात्रं वाटताना माझ्या वाट्याला लेन आला. लेन म्हणजे अल्जर्नन नावाच्या लंडनच्या खानदानी ब्रह्मचाऱ्याचा नोकर. पहिल्या अंकानंतर तो दिसतच नाही. हे नाटक कॉलेजपासून माझ्या ओळखीचं आहे, पण लेनच्या जागेवर उभं राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. तिथून पाहिलं आणि 'हलकंफुलकं नाटक' हा शेरा मला पटेनासा झाला. पोस्ट लांबेल, पण हे लिहायलाच हवं होतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅक गावी मोठी इस्टेट सांभाळणारा जबाबदार पालक. लंडनला यायचं झालं की तो 'अर्नेस्ट नावाचा वाया गेलेला भाऊ' पुढे करतो आणि शहरात स्वतःच अर्नेस्ट होऊन मजा मारतो. अल्जर्ननने उलटी सोय केलीय. बनबरी नावाचा कायम आजारी मित्र त्याने कल्पनेतच जन्माला घातलाय. नको ते जेवण आलं, नको ती मावशी आली, की बनबरीची तब्येत बिघडते आणि हा गावाकडे पसार. दोघांनाही लग्न करायचंय: जॅकला अल्जर्ननच्या मावशीच्या मुलीशी, ग्वेंडोलेनशी, आणि अल्जर्ननला जॅक जिचा पालक आहे त्या सेसिलीशी. आणि दोघींनाही नवरा 'अर्नेस्ट' नावाचाच हवाय.

आता लेनकडे या. ऑगस्टामावशी, म्हणजे लेडी ब्रॅकनेल, चहाला येणार म्हणून काकडीची सँडविचेस मागवलेली असतात. ती सगळी अल्जर्नन स्वतःच खातो. मावशी आल्यावर रिकामी बशी बघून तो लेनलाच विचारतो, सँडविचेस का नाहीत? लेन शांतपणे सांगतो की बाजारात काकडीच नव्हती, दोनदा जाऊन आलो, रोख पैसे देऊनसुद्धा मिळाली नाही. आमच्या वाचनात इथे मोठा हशा आला. पण ते वाक्य मी उच्चारत होतो, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की खोटं मालकाचं आहे आणि ते बोलण्याचं काम माझं आहे. अंकाच्या शेवटी लेन तबकात काही पत्रं आणून देतो. अल्जर्नन नुसती पाकिटं बघतो आणि फाडून टाकतो. ती बिलं असावीत, असं वाइल्डने रंगसूचनेत लिहिलंय. पाठोपाठ अल्जर्नन शेरी मागवतो आणि उद्या बनबरीकडे जायचंय, कपडे भरून ठेव, असं सांगतो. खोट्या प्रवासाची खरी बॅग लेनने भरायची.

माझं म्हणणं एवढंच आहे: या नाटकात दोन आयुष्यं जगणं ही चैन आहे आणि तिचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतं. लेन भरतो, दुकानदार भरतात.

लग्नाचा बाजारही याच हिशोबाने चालतो. लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल घेऊन जॅकची चौकशी करते तो प्रवेश सगळ्यांना आठवतो तो हँडबॅगेसाठी: व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात हँडबॅगेत सापडलेलं बाळ म्हणजे हा जॅक. मला आता त्याच्या आधीचे प्रश्न जास्त बोचतात. उत्पन्न किती? वर्षाला सात ते आठ हजार पौंड. जमिनीत की गुंतवणुकीत? गुंतवणुकीत. हे उत्तर तिला आवडतं. शहरात घर? बेलग्रेव्ह स्क्वेअर, नंबर 149. ती बाजू फॅशनेबल नाही. आईबाप? इथे गाडी अडते. आणि तिसऱ्या अंकात हीच बाई सेसिलीला नाकारून निघायच्या बेतात असते, तेवढ्यात कळतं की पोरीच्या नावावर एक लाख तीस हजार पौंड आहेत, तेही सरकारी रोख्यांत. बाई परत खाली बसते आणि म्हणते की आता नीट बघितलं तर मुलगी फारच लोभस आहे. लग्न झालं तेव्हा तिच्या स्वतःच्या पदरी एक पैसाही नव्हता, हे ती स्वतःच सांगते. बाजार तिला आतून ठाऊक आहे.

एक जागा तर आम्हाला थांबून पुन्हा वाचावी लागली. ती हँडबॅग मिस प्रिझम या म्हातारी होत चाललेल्या गव्हर्नेसची होती हे कळल्यावर, तीच आपली आई आहे असं वाटून जॅक तिच्या गळ्यात पडतो. ती दचकून सांगते की मी अविवाहित आहे. तो म्हणतो, पुरुषांना एक कायदा आणि बायकांना दुसरा, असं का? प्रेक्षक हसतात. पण इंग्लंडमध्ये तेव्हा खरोखरच दोन कायदे होते. 1857च्या घटस्फोटाच्या कायद्यानुसार बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र तेवढं पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा, टाकून जाणं, असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नवऱ्याच्या दुसऱ्या आयुष्याला कायद्यानेच जागा करून ठेवली होती.

आणि आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते. नाटक मुळात चार अंकी होतं. सेंट जेम्स थिएटर चालवणारा नट जॉर्ज अलेक्झांडर याच्या सांगण्यावरून वाइल्डने ते तीन अंकांत बसवलं. त्यात ग्रिब्सबी नावाच्या वकिलाचा आख्खा प्रवेश गेला. 'अर्नेस्ट'ने सॅव्हॉय हॉटेलात जेवणावळी झोडून 762 पौंडांचं बिल थकवलेलं असतं, आणि ग्रिब्सबी त्याला पकडून हॉलोवेच्या तुरुंगात न्यायला येतो. तिथे, जॅकच्या गावच्या घरी, अर्नेस्ट बनून आलेला असतो अल्जर्नन. उधारी असते जॅकची. वस्ती मध्यमवर्गीय आहे, पण तुरुंग फॅशनेबल आणि हवेशीर आहे, असं ग्रिब्सबी समजावतो. फाडलेली बिलं परत दारात येतात तो नाटकातला हा एकच क्षण, आणि तोच कापला गेला. नाटक त्याने घोटीव झालं हे खरं. पण माझ्या मते त्याचा कणाही तिथेच गेला.

पहिला प्रयोग 14 फेब्रुवारी 1895चा. एप्रिलच्या सुरुवातीला वाइल्डने आपल्या प्रियकराच्या वडिलांवर, क्वीन्सबेरीच्या मार्क्विसवर, लावलेला अब्रुनुकसानीचा खटला उलटला आणि पुरुषांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्यालाच अटक झाली. जामीन मिळेपर्यंत त्याला ठेवलं ते हॉलोवेमध्येच. कोर्टात साक्षीला सॅव्हॉय हॉटेलातले नोकर आले, खोली झाडणारी बाईसुद्धा. त्याआधी अब्रुनुकसानीच्या खटल्यात क्वीन्सबेरीचा वकील एडवर्ड कार्सन उलटतपासणीत वाइल्डला पुन्हा पुन्हा विचारत राहिला की तुमच्यासारखा माणूस कुणाच्या खाजगी नोकराबरोबर, घोड्यांच्या मोतद्दाराबरोबर जेवायला कसा बसतो? पुरुषाने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवणं हा तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होता आणि तो कायदा अन्यायाचाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण खालच्या वर्गातल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसणं हाही जणू पुरावाच धरला जात होता. रंगमंचावर नोकर मालकाचं खोटं सांभाळतो. कोर्टात त्यालाच तोंड उघडायला लावलं गेलं.

25 मे रोजी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याआधीच जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढलं होतं आणि मग नाटकही बंद पडलं. बायको कॉन्स्टन्सने स्वतःचं आणि दोन्ही मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं. ज्या नाटकात जॅकचं खोटं नाव शेवटी लष्करी अधिकाऱ्यांच्या यादीत खरं निघतं, त्याच्या लेखकाच्या मुलांना स्वतःचं खरं आडनाव लपवावं लागलं.

चार अंकी संहिता आता छापील मिळते. येत्या रविवारी कापलेला प्रवेश वाचायचा असं मी ग्रुपवर सुचवलंय. प्रयोगाची लांबी वाढेल, लाफ्टरची लय मोडेल, असं दोघा-तिघांचं म्हणणं आहे. मोडू दे. ग्रिब्सबी कोण वाचणार ते ठरायचंय. जॅकच्या गावच्या घरातल्या मेरिमन नोकराचं काम मात्र मी मागून घेतलंय.