शेवटी बॉल ज्याच्या हातात होता

आज सकाळी चहा घेताना आपल्या इथल्या मराठी ग्रुपवर एक फोटो आला. आपल्या बेसबॉल टीमचा, फिलाडेल्फिया फिलीजचा, पिचर (बॉल टाकणारा) ओरायन कर्करिंग गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, मान खाली. वर लिहिलेलं, 'याला फिलाडेल्फियात उतरू देऊ नका.' खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पंधरा-वीस चेहरे. त्यातले निम्मे लोक गणपतीला माझ्या घरी जेवून गेलेत. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं. म्हणून इथे लिहिते.

ज्यांनी काल रात्रीची मॅच बघितली नाही त्यांच्यासाठी: लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सशी 2025 च्या प्लेऑफची (सीझनअखेरच्या बाद फेरीची) चौथी मॅच, हरलो की सीझन संपला. अकरावी इनिंग, 1-1. दोन आउट (तिसरा झाला की इनिंग संपते), तिन्ही बेस त्यांच्या धावणाऱ्यांनी भरलेले. अँडी पाहेसने मारलेला बॉल सरळ कर्करिंगकडे आला आणि त्याच्या हातून निसटून पायाशी पडला. उचलून पहिल्या बेसला टाकला असता तर इनिंग तिथेच संपत होती. कॅचर रियलम्युटो तिकडे बोट दाखवत होता. याने घाईघाईत होमला (जिथे पोचलं की रन होतो) फेकला, बॉल भलतीकडे गेला, रन झाला, सगळं संपलं. 24 वर्षांचा मुलगा आहे हो तो.

पहिल्या बेसला टाकायला हवा होता, हे मान्य. त्यात वाद नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे काल तो नव्हताच. माझा मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी, लिटल लीगमध्ये, अकरा वर्षांचा. त्या वयात सहाच इनिंग असतात. सहावीला आम्ही 5-4 ने पुढे होतो आणि कोचने त्याला शॉर्टस्टॉपच्या फील्डिंगवरून बोलावून माउंडवर, म्हणजे बॉल टाकायला, उभं केलं. त्याने तीन वॉक दिले, म्हणजे चार-चार बॉल बाहेर टाकून तिघांना फुकट बेस दिला. मग चौथा, आणि बेस भरलेले असल्याने एक रन, म्हणजे बरोबरी. मग एक बॉल कॅचरला चुकवून मागच्या जाळीपर्यंत गेला. 6-5. जाळीबाहेरून एका वडिलांनी, आमच्याच टीममधल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, याला आणला कुणी? माझा मुलगा घरी येईपर्यंत गाडीत ग्लोव्ह काढेना. डाव्या हातात ग्लोव्ह तसाच, उजव्या हाताने त्याची दोरी सोडतोय, बांधतोय.

त्यामुळे मला ते हसरे चेहरे बघवले नाहीत.

आता मला सांगा, अकरा इनिंगमध्ये आपले रन किती? एक! श्वार्बरने यंदा 56 होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारलेत, हार्पर आहे, टर्नर आहे, आणि एवढ्या सगळ्यांचा मिळून एक रन. डॉजर्सना बरोबरीचा रन कसा मिळाला? सातव्या इनिंगला, बेस भरलेले असताना, डुरानने वॉक दिला. डुरान म्हणजे आपला क्लोजर, शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, जुलैअखेर खास याच कामासाठी मिनेसोटाहून आणलेला. त्याचा फोटो कुणी टाकला नाही, टाकूही नये. अकराव्यात कर्करिंगला बोलावलं तेव्हा दोघे आधीच बेसवर होते, आणि जो रन झाला तो त्यांच्यातलाच. तिसऱ्याला वॉक देऊन बेस यानेच भरले, तेही खरं. पण पंधरा-वीस जणांनी मिळून सांडलेलं दूध एकट्याने पुसायचं, असा हा प्रकार आहे.

सुरुवातीच्या पिचरने पहिल्या इनिंगला तीन रन दिले तर आपण म्हणतो, बसेल जम. त्याच्यापुढे अख्खी मॅच असते. शेवटी येणाऱ्याकडे काही नसतं. तो तीन तास बुलपेनमध्ये, राखीव पिचरांच्या जागेत, बसून असतो, फोन वाजला की उठून हात गरम करायचा, कधी कधी परत बसायचं, परत उठायचं. मग आत येऊन कधी दहा बॉल, कधी वीस. नीट टाकले तर लोक गाड्या काढायला पळतात. चुकला तर जन्मभर तेच.

आपला तेव्हाचा क्लोजर मिच विल्यम्स आठवा. 1993. त्या वर्षी त्याने आपल्यासाठी 43 सेव्ह केले होते, म्हणजे 43 मॅचमध्ये शेवटी येऊन आघाडी राखली होती. टोरंटोला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला 6-5 ने पुढे असताना जो कार्टरने त्याला होमरन मारला. त्या सिरीजमध्येच त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. डिसेंबरमध्ये त्याला ह्यूस्टनला पाठवून दिलं. 43 सेव्ह कुणाला आठवत नाहीत.

आणि ब्रॅड लिज? 2005 मध्ये ह्यूस्टनकडून खेळताना, एक आउट काढला की वर्ल्ड सिरीज, तिथे पुहोल्सने त्याला असा काही होमरन मारला की लोक म्हणाले, हा संपला. त्यालाच आपण आणला. 2008 मध्ये 41 पैकी 41 सेव्ह, प्लेऑफमध्ये 7 पैकी 7. शेवटचा स्ट्राइक टाकून तो गुडघ्यांवर बसला तो फोटो ग्रुपमधल्या दोघांच्या बेसमेंटमध्ये फ्रेम करून लावलाय, मी पाहिलाय. पुढच्याच वर्षी एकही विजय नाही, आठ पराभव, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी) 7.21. हात तोच, माणूस तोच. हे काम असंच आहे.

अहो, यांकीजचा क्लोजर रिव्हेरासुद्धा! 652 सेव्ह, हॉल ऑफ फेमला एकही मत विरोधात न जाता गेलेला एकमेव. 2001 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला, नवव्या इनिंगला, एका साध्या बंटवर (बॅट नुसती लावून हळूच ढकललेल्या बॉलवर) त्याने बॉल उचलून दुसऱ्या बेसला फेकला आणि तो सेंटरफील्डला गेला. यांकीज हरले. रिव्हेराचं जे झालं तेच काल या पोराचं झालं.

आपल्याला हे कळायला हवं खरं तर. चेतन शर्माने 1987 मध्ये नागपूरला वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली. त्याचं नाव काढलं की आपण काय बोलतो? शारजा, शेवटचा बॉल.

लाखो डॉलर मिळतात त्यांना, बोलणी खाणं त्यातच आलं, असं कुणीतरी म्हणेलच. मिळतात, खरंय. म्हणून काय झालं?

परत माझ्या मुलाकडे येते. त्या दिवशी घरी माझी आई होती, सांगलीहून आलेली. तिला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. तिने विचारलं, जिंकलात का रे? तो म्हणाला, माझ्यामुळे हरलो. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आधीच्या पोरांनी काय दिवे लावले?"

मी स्कोअरबुक उघडलं. त्या सीझनला आमच्या टीमचं स्कोअरबुक मीच लिहायचे. आमचे आठ जण रन न काढता बेसवर तसेच राहिले होते. आठ. माझ्याच अक्षरात. आणि मी गाडीत त्याला काय म्हणाले होते? "अरे, नुसता मधोमध टाकायचा होतास ना." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जाळीबाहेरचा माणूस परका होता, मी त्याची आई होते.

2023 मध्ये कर्करिंग एकाच सीझनमध्ये सिंगल-एपासून, म्हणजे खालच्या लीगपासून, चढत चढत मेजर लीगला पोचला. त्याच्या पहिल्या मॅचला त्याचे वडील, एकेकाळी मरीन्समध्ये असलेले, स्टँडमध्ये रडताना टीव्हीवर दिसले होते. आज सकाळपासून मला तेच आठवताहेत. ग्रुपवरचे तुम्हीही बाप आहात. तो फोटो काढून टाका. प्लीज.

काल बॉल भलतीकडे गेला तेव्हा मी रिमोट उचलला. मुलगा म्हणाला, "आई, थांब, बंद नको करूस." समोर डॉजर्स उड्या मारत होते, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कोपऱ्यात वाकलेल्या त्या एकट्याकडे बघत होता. मग उजव्या फील्डमधून, एवढ्या लांबून, कास्टेयानोस धावत आला आणि कर्करिंगजवळ जाऊन थांबला.

"गेला कोणीतरी," मुलगा म्हणाला, आणि उठून वर झोपायला गेला.