हरवलेली डिस्क ओळखता येणं : ओउचींवरच्या लेखावरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. नॉर्मन केन ओउची या आयबीएमच्या इंजिनिअरवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि का पटला नाही ते तुम्ही मुद्द्याला धरून लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ओउचींची कल्पना म्हणजे निव्वळ एक्सऑर (बिटांमधले १ सम की विषम हे पाहण्याची क्रिया), शाळकरी पोरालाही जमेल असं गणित. रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत, खरं घडवलं ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी, १९८८ च्या निबंधात. आणि आज दहा लाख तास टिकणाऱ्या डिस्क मिळतात, सगळा डेटा क्लाउडवर असतो, मग हे जुनं पेटंट उकरून काढण्यात भाबड्या कौतुकापलीकडे काय आहे? जाता जाता तुम्ही असंही विचारलंत, की दोन डिस्कचं मिररिंग केलेलं असताना, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा लिहिला जात असताना, वेगळा बॅकअप कशाला हवा.

गणित सोपं आहे हे खरंच. किती सोपं ते इथे मांडूनच दाखवते, कारण माझा सगळा मुद्दा त्याला लागूनच आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १०११, ०११० आणि ११०० असे बिट आहेत असं धरा. ते एकाखाली एक लिहा. प्रत्येक उभ्या रांगेत १ किती वेळा आला ते मोजा. विषम वेळा आला तर चौथ्या डिस्कवर १ लिहा, सम वेळा आला तर ०. चौथ्या डिस्कवर ०००१ येतं. ही पॅरिटी. आता दुसरी डिस्क बंद पडली. उरलेल्या तीन ओळी, म्हणजे १०११, ११०० आणि ०००१, घेऊन तीच मोजणी पुन्हा करा. उत्तर येतं ०११०. गेलेली ओळ जशीच्या तशी परत मिळाली.

पण या उदाहरणात एक गोष्ट आपण गृहीत धरली: दुसरी डिस्क गेली हे आपल्याला ठाऊक होतं. समजा एकही डिस्क बंद पडली नाही, फक्त कुठल्या तरी एका डिस्कवरचा एक बिट गुपचूप उलटला. मग मोजणी जुळणार नाही, काहीतरी चुकलंय एवढं कळेल. कोण चुकलं हे पॅरिटी सांगू शकत नाही. चुकलेला बिट शोधून काढायचा तर जास्त तपासणी बिट लागतात. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ४ बिटांच्या मागे ३ तपासणी बिट येतात. त्याच पद्धतीची थोडी वाढवलेली आवृत्ती सर्व्हरच्या ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) मेमरीत वापरली जाते, तिथे ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवावे लागतात.

हेच तत्त्व सरळ डिस्कला लावलं तर काय होतं ते तुम्ही ज्याचा दाखला दिलात त्या बर्कलीच्या निबंधातच आहे. त्यात रेडच्या वेगवेगळ्या रचनांना पातळ्या म्हटलंय. दुसऱ्या पातळीत हॅमिंगची पद्धत आहे आणि १० डिस्कमागे ४ तपासणी डिस्क लागतात. तिसऱ्या पातळीत मात्र एकच डिस्क पुरते. कारण निबंधात स्पष्ट दिलंय: त्या जादा डिस्क मुख्यतः ‘कोणती बिघडली’ हे शोधण्यातच खर्ची पडतात, आणि ते तर डिस्क चालवणारा कंट्रोलर आधीच सांगतो. मोटर थांबली, हेड निकामी झालं, सेक्टरसोबत लिहिलेला तपासणी कोड जुळला नाही, तर डिस्क स्वतःच ‘वाचता येत नाही’ असं कळवते.

ओउचींचं पेटंट नेमकं यावर उभं आहे. मे १९७७ मध्ये अर्ज, मे १९७८ मध्ये मंजुरी, क्रमांक ४०९२७३२. एका नोंदीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या साठवण-युनिटवर ठेवायचा, त्या सगळ्यांवरून काढलेला तपासणी तुकडा आणखी एका युनिटवर ठेवायचा, आणि एखादं युनिट निकामी झालं की बाकीच्यांवरून त्यावरचा तुकडा पुन्हा बांधायचा. एक्सऑर कुणालाही येतं. अख्खं युनिट बंद पडणं हा बिट उलटण्यापेक्षा मुळातच वेगळा, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने जास्त सोपा बिघाड आहे हे हेरून त्यावर पूर्ण यंत्रणा रचणं, याला मी शोध म्हणते. डेटाची पूर्ण दुसरी प्रत ठेवायची तर साठवण दुप्पट लागते. इथे कितीही युनिट असोत, एकच जास्त लागतं.

बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचं श्रेय मी काढून घेत नाही. त्यांनी जे केलं ते ओउचींच्या काळात होण्यासारखंच नव्हतं. १९७७ मध्ये डिस्क म्हणजे मेनफ्रेमशेजारचं अवजड, महागडं यंत्र. पर्सनल कॉम्प्युटरमध्ये बसणारी ५ मेगाबाइटची सीगेट एसटी-५०६ आली १९८० मध्ये. अशा छोट्या डिस्क स्वस्त झाल्यावरच ‘एका मोठ्या डिस्कऐवजी शंभर छोट्या लावू’ हा विचार व्यवहारात आला, आणि लगेच त्याची अडचणही पुढे आली. त्या निबंधातला हिशेब मला फार आवडतो: प्रत्येकी सरासरी ३०,००० तास टिकणाऱ्या १०० डिस्क एकत्र लावल्या, तर त्यातली पहिली सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत जाणार. पॅरिटीची गरज इतक्या कमी शब्दांत याआधी कुणी पटवून दिलेली माझ्या वाचनात नाही. शिवाय एकाच पॅरिटी डिस्कवर प्रत्येक छोट्या राइटचा भार पडतो म्हणून पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून टाकणं, म्हणजेच रेड ५, याची नीट तुलनाही त्यांनी केली. नाव आणि प्रसार त्यांचा. कल्पना मात्र त्याच्या दहा वर्षं आधी पेटंटात लिहिलेली होती, आणि ओउचींचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं. माझा लेख त्यासाठी होता.

आता ते दहा लाख तास. भागाकार केला तर ११४ वर्षं येतात आणि तिथेच घोटाळा होतो. हा आकडा एका डिस्कचं आयुष्य सांगत नाही. हजारो डिस्क एकाच वेळी चालू असतील तर बिघाड कोणत्या गतीने होतील, याचा तो अंदाज आहे: वर्षाला शंभरातल्या एकीपेक्षा किंचित कमी, ०.८८ टक्के. बियांका श्रोडर आणि तेच गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचं प्रमाण वर्षाला २ ते ४ टक्के सर्रास आढळलं, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एकापाठोपाठ येण्याकडे त्यांचा कल असतो, हेही त्यात दिसलं. म्हणून तर एका पॅरिटीवर आज भागत नाही. १० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने भरायला १४ तास लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काही काम नसेल तर. तेवढ्या वेळात उरलेल्या सगळ्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच दुसरी दगा देऊ शकते. दुहेरी पॅरिटीचं रेड ६ याच भीतीपोटी वापरतात.

आणि क्लाउड? क्लाउड याच विचारावर चालतो. बॅकब्लेझ या क्लाउड-साठवण कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या रचनेत प्रत्येक फाइल २० डिस्कवर पसरलेली असते. १७ तुकडे डेटाचे, ३ पॅरिटीचे. कोणत्याही तीन डिस्क गेल्या तरी फाइल पूर्ण परत मिळते. त्यामागे रीड-सोलोमन ही १९६० ची पद्धत आहे, आणि तिचा नियम ओउचींच्या बाजूने साक्ष देतो: जितके जादा तुकडे, तितके ‘कुठले गेले ते माहीत असलेले’ तुकडे भरून काढता येतात, कुठले बिघडले ते माहीत नसेल तर त्याच्या निम्मेच.

तुमच्या मिररिंगचं उत्तरही इथेच सापडतं. दोन्ही डिस्क व्यवस्थित चालू आहेत, पण एकीवर एका फोटोचा ब्लॉक बिघडलाय आणि डिस्कने तसं कळवलेलं नाही. दोन प्रती, दोन वेगळी उत्तरं. खरी कुठली? साध्या मिररिंगला हे ठरवता येत नाही. झेडएफएससारख्या फाइल-सिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (त्यातल्या डेटावरून काढलेला तपासणी आकडा) वेगळ्या जागी ठेवलेला असतो, त्यामुळे खोटं बोलणारी डिस्क पकडली जाते आणि दुसरीवरून ती दुरुस्तही होते. तुमच्याकडे ती सोय असेल तर दर महिन्याला पूर्ण तपासणी, म्हणजे स्क्रब, चालवत चला.

बॅकअप तरीही लागतोच. तुम्ही चुकून एखादं फोल्डर उडवलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर दोन्ही प्रती सारख्याच कुलूपबंद होतात. विजेच्या झटक्याने एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. तेव्हा तिसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा, एरवी ती कॉम्प्युटरपासून तोडलेली असू द्या, आणि अधूनमधून तिच्यावरून चार-दोन फाइली खरोखर परत आणून उघडून पाहा.