जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेबाबत खुलासा

‘जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेत निअँडरथल मानवाची कवटी सापडली, तो लाटांच्या तोंडाशीच राहत असे आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो’, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत. (जिब्राल्टर हा स्पेनच्या दक्षिण टोकाजवळचा ब्रिटिश प्रदेश; निअँडरथल ही नामशेष झालेली प्राचीन मानवजात.)

१८४८ साली सापडलेली प्रसिद्ध कवटी या गुहेतील नसून ही गुहा ज्या जिब्राल्टरच्या प्रचंड खडकात आहे, त्याच खडकाच्या उत्तर टोकाकडील फोर्ब्स खाणीतील आहे. आज गुहेच्या पायथ्याशी समुद्र आपटतो हे खरे. परंतु हिमयुगात पाण्याची पातळी बरीच खाली असल्याने किनारा काही किलोमीटर दूर होता आणि मधल्या वालुकामय मैदानात निअँडरथल मानव शिकार करीत असे. शिंपले मात्र तो गुहेत आणून खात असे, त्यामुळे समुद्राशी त्याचा संबंध होता हे खरे.

गुहेच्या आतल्या भागात, ३९,००० वर्षांहून जुन्या थराखाली, खडकात एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेषा कोरलेल्या आहेत; त्या निअँडरथल मानवाच्याच मानल्या जातात. उत्खनन चालू असलेल्या, २०१६ पासून जागतिक वारसा ठरलेल्या या स्थळी प्रवेश मर्यादित असून तो जिब्राल्टर राष्ट्रीय संग्रहालयामार्फत, मार्गदर्शकासोबतच मिळतो. इतरांना कड्यावरील निरीक्षण-सज्जावरून परिसर पाहता येतो.