ट्रान्झिस्टर स्विचने एएम होतं, बिनधास्त बनवा

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. ट्रान्झिस्टर स्विच म्हणून वापरला तर एएम (अँप्लिट्यूड मॉड्युलेशन, म्हणजे ऑडिओप्रमाणे वेव्हची उंची बदलणं) होऊच शकत नाही कारण त्याला फक्त ऑन-ऑफ कळतं, कॅरियर (ऑडिओ वाहून नेणारी जास्त फ्रिक्वेन्सीची वेव्ह) साइन वेव्हच पाहिजे, ऑडिओतला डीसी (स्थिर व्होल्टेज) कपॅसिटर लावून काढून टाका, आणि सगळ्यात सोपं म्हणजे ऑडिओ आणि कॅरियर दोन रेझिस्टरनी एकत्र करा, झालं एएम. नवीन शिकणारे हे वाचून बरोबर चाललेलं सर्किट मोडतात, म्हणून लिहितोय.

स्विच ऑन-ऑफच होतो, मान्य, पण अँप्लिट्यूड तो ठरवतच नाही, ऑडिओ ठरवतो. सर्किट असं: ऑडिओ आणि त्यात मिसळलेला डीसी १ किलोओहममधून एनपीएनच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला, बेसला ४.७ किलोओहममधून ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह. ट्रान्झिस्टर ऑन असताना कलेक्टर ०.१-०.२ व्होल्टवर येऊन बसतो, ऑफ झाला की ऑडिओचं त्या क्षणाचं व्होल्टेज तिथे जवळपास तसंच दिसतं. म्हणजे ऑडिओला एकदा ० ने गुणलं, एकदा १ ने, आणि एएमला हा गुणाकारच हवा असतो.

दोन रेझिस्टरवाला सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. तिथे फक्त बेरीज होते. ऑसिलोस्कोपवर वेव्ह वरखाली हलताना दिसते म्हणून लोक फसतात, पण नीट बघा, वरची आणि खालची कड एकाच दिशेने सरकतायत, एएममध्ये त्या एकमेकींच्या उलट जातात. त्या बेरजेत साइडबँड (एएममध्ये कॅरियरच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या, ऑडिओ असलेल्या फ्रिक्वेन्सी) नसतातच, कॅरियरच्या फ्रिक्वेन्सीला फिल्टर लावा, हातात सपाट कॅरियर उरेल. पुढे डायोडसारखं काही नॉनलिनिअर आलं तरच मॉड्युलेशन होतं.

साइन वेव्हचा हट्टही नको. ५०% ड्युटीच्या (अर्धा वेळ ऑन, अर्धा वेळ ऑफ) स्क्वेअर वेव्हमध्ये सम हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, चौपट अशा वेव्ह) नसतात, तिसरा मूळच्या एक तृतीयांश असतो, आणि तो काढायला एलसी टँक (एका फ्रिक्वेन्सीला लागणारी कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) पुरतो. १ मिलीहेन्री आणि २.२ नॅनोफॅरड घेतले तर टँक साधारण १०७ किलोहर्ट्झला लागतो, तिसरा हार्मोनिक पार ३२१ वर. टँक कलेक्टरला थेट जोडू नका, स्विच दर सायकलला त्याला शॉर्ट करेल, मध्ये १० किलोओहम घाला. आणि हो, कलेक्टरवर थेट प्रोब लावून "हे एएम नाही" म्हणणाऱ्यांचं तेवढं बरोबर आहे, तिथे मूळ ऑडिओही मिसळलेला असतो, एएम टँकवर बघायचं.

डीसी काढला तर कॅरियरच जातो. शिवाय ऑडिओ ऋण बाजूला गेला की ट्रान्झिस्टरचं बेस-कलेक्टर जंक्शन मध्येच कंडक्ट करायला लागतं. ३ व्होल्ट डीसी आणि १.५ व्होल्ट पीक ऑडिओ ठेवा, इनपुट ४.५ ते १.५ मध्ये हलेल, एन्व्हलपची (वेव्हच्या टोकांवरून जाणाऱ्या कडेची) सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान उंची ३:१ दिसली की मॉड्युलेशन ५०%.

स्विचची खरी अडचण वेगाची आहे, तिच्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. सॅच्युरेट (पूर्ण ऑन) झालेला ट्रान्झिस्टर लगेच ऑफ होत नाही, साध्या स्विचिंग ट्रान्झिस्टरलाही २०० नॅनोसेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि १ मेगाहर्ट्झला अर्धी सायकलच ५०० नॅनोसेकंदांची, मग ५०% ड्युटी कुठली राहणार. सुरुवात १०० किलोहर्ट्झच्या आसपास करा, वर जायचं असेल तर बेस-कलेक्टरमध्ये शॉट्की डायोड टाका, अ‍ॅनोड बेसकडे.