पुस्तकाआड लपलेल्या बाईचं उत्तर

बायबल रोज वाचावं असं सांगणाऱ्या ‘रोज एक अध्याय’ या माझ्या मागच्या लेखावर ‘संशयी थोमा’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांनी ती वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. थोमा म्हणतात: ताई, लेख संडे स्कूलच्या छापाचा वाटला. वचनांची कॅलेंडरं भिंतीला लावून कोणी भक्त होत नाही. बायबल वाचून माणसं सुधारत असती तर आपल्या मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या) जागांची भांडणं कोर्टात गेली नसती. शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतले, वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत, कोणती पुस्तकं ठेवायची हेही माणसांनीच ठरवलं, आणि बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात लिहिणाऱ्या प्रेषित पौलावर तुम्ही एक बाई असून विश्वास कसा ठेवता? आणि शेवटी: ‘खरं सांगू का, विचार करायची भीती वाटते तेच लोक पुस्तकाआड लपतात.’

‘ताई’ म्हणून सुरुवात केलीत, छान वाटलं. आमच्याकडे ताई म्हणणारा माणूस पुढच्या ओळीत तिला भित्री म्हणत नाही, पण काळ बदलला असेल. मतभेदाचं मला काही वाटत नाही, माझे दोन्ही भाऊ माझ्याशी वाद घालतात. पण तुमच्या प्रतिक्रियेत एक सूर आहे, ‘तुम्हाला कळत नाही, मी सांगतो’ असा. तो मला आयुष्यभर चांगला ओळखीचा आहे, आणि तो बहुतेक पुरुषांच्याच तोंडून ऐकला आहे.

कॅलेंडरचा मुद्दा मात्र मान्य. अगदी मान्य. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत या अर्थाचं, निम्म्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसतं. त्याच्या आदल्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं लिहिलंय, ते कोणी भिंतीवर लावत नाही. हा अध्याय म्हणजे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं पत्र. ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं ते पत्र सांगतं. एवढं सगळं गाळून एकच वचन उचलणं म्हणजे लोकलमध्ये कानावर पडलेल्या अर्ध्या वाक्यावरून शेजारणीच्या घरचं भांडण सांगत सुटणं. पण थोमाभाऊ, यातून वाचू नका असं निघतं की आणखी वाचा असं? मी दुसरं म्हणते. माझ्या लेखातही तेच होतं. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला असेल असं धरून चालते.

आता ते लपण्याचं वाक्य. चार दिवस ते डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील नगर जिल्ह्यातून आले आणि गिरणीत लागले. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो. शिक्षण जेमतेम, पण घरात बायबल सोसायटीचं जाड बायबल होतं आणि कानावर पेन्सिल असायची. गिरणीतून आले की हातपाय धुऊन ते वाचायला बसत. समासात खुणा करत. जिथे पटायचं नाही तिथे ‘का?’ एवढंच लिहीत. निष्कारण दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात तर पानापानावर ‘का?’ आहे. ते बायबल आज माझ्याकडे आहे.

जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर होते, आणि ते पुढे किती लांबलं हे मुंबईत कोणाला सांगायला नको. त्या दिवसांत एका घरी प्रार्थना सभा होती. खोलीत दाटीवाटीनं माणसं. त्यात मंडळीतले एक वजनदार गृहस्थ उठले. त्यांची स्वतःची नोकरी शाबूत होती. त्यांनी पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढला आणि दासांनी धन्याच्या आज्ञा पाळाव्यात हे वचन वाचून दाखवलं. संपकऱ्यांनी यातून बोध घ्यावा म्हणाले. संपावरची पाच-सहा माणसं तिथे मान खाली घालून बसली होती. मी तेव्हा शाळेत होते, पण ती शांतता मला कळली.

वडील म्हणाले, "साहेब, पान उलटा."

ते गृहस्थ म्हणाले, अध्याय संपला. वडील म्हणाले, "अध्याय संपला, पौलाचं बोलणं संपलेलं नाही." आणि चौथ्या अध्यायाचं पहिलंच वचन त्यांनी मोठ्यानं वाचलं: धन्यांनी दासांशी न्यायानं आणि समतेनं वागावं, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे. मग याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, शेत कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचली आहे, तो भाग. पौलानं लिहिलं तेव्हा अध्याय पाडलेलेच नव्हते, ते तेराव्या शतकात पडले. धन्यांना सुनावलेलं वाक्य पुढच्या अध्यायात ढकललं गेलं, आणि ज्यांना तेवढ्यावर थांबायचं असतं त्यांची सोय झाली. ही तेराव्या शतकाची गोष्ट वडिलांना ठाऊक नव्हती. पण त्यांनी पुस्तक सबंध वाचलं होतं, म्हणून त्या खोलीत वचन फेकून कोणाला त्यांना गप्प करता आलं नाही.

आता सांगा, विचार करायला कोण घाबरत होतं? पुस्तकाआड कोण लपलं होतं, आणि पुस्तक हातात घेऊन समोर कोण उभं राहिलं होतं? शास्त्र न वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कोणीही एका वचनानं घाबरवू शकतो. पाळक, नातेवाईक, टीव्हीवरचा उपदेशक, देणगी मागायला आलेला माणूस, कोणीही. तुम्हाला अंधविश्वासाची चीड आहे ना? मग त्यावरचं औषध ज्या पुस्तकात आहे तेच वाचू नका असं का सांगता? (तसं म्हटलं नाही म्हणाल. ‘संडे स्कूलच्या छापाचं’ याचा अर्थ दुसरा काय होतो मग?)

आणि हा काही आमच्या घरापुरता प्रकार नाही. नारायण वामन टिळक घ्या. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. संस्कृतचा पंडित, कवी, कोणाच्या सांगण्यावरून मान डोलावणारा माणूस नव्हे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. वाचत राहिले, पत्रं लिहिली, वाद घातले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी जात गेली, पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षं ताटातूट झाली. लपायचंच असतं तर घरी, जातीत, मानमरातबात लपायला भरपूर जागा होती.

पंडिता रमाबाई तर तुम्हाला मुळीच सोयीच्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्यांनी त्यांना आसरा दिला त्याच चर्चच्या लोकांशी त्या पत्रांतून कडाडून भांडल्या. चर्च सांगतं म्हणून नव्हे, मला शास्त्रात दिसेल आणि माझ्या बुद्धीला पटेल तेच मानीन, अशी त्यांची भूमिका. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. शेवटची वर्षं त्यातच गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छपाईचं काम बायका-मुलींनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर निघालं. बायकांना गप्प बसवणारं म्हणून तुम्ही ज्या पुस्तकाकडे बोट दाखवता, ते पुस्तक एका बाईनं भाषांतरित केलं आणि बायकांनी छापलं. हा योगायोग तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

विश्वास ठेवायचा म्हणजे प्रश्न गिळायचे, हे तुम्ही कुठून आणलंत? निदान बायबलमधून तरी नाही. ८८वं स्तोत्र काढा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. ते कोणी गाळलं नाही. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन अध्यायच्या अध्याय बोलतात, आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्यांनाच सुनावतो, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा बरोबर, आणि देवाची वकिली करणारे चूक. वडिलांनी त्या वचनाखाली दोन रेघा मारल्या आहेत. बिरुया शहरातल्या लोकांचं प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक कौतुक करतो ते कशासाठी? खुद्द पौलानं सांगितलेलंही असंच आहे का, हे ते रोज शास्त्रात शोधून बघायचे म्हणून. आणि येशूची परीक्षा घेताना सैतान त्याच्यापुढे ९१वं स्तोत्र म्हणतो, तेही तोंडपाठ! त्याला येशूनं उत्तर दिलं ते बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून. नुसतं वचन पाठ असणं आणि शास्त्र कळणं यांतलं अंतर मत्तयानं चौथ्याच अध्यायात दाखवून ठेवलंय.

मी या पुस्तकावर भरवसा ठेवते, कारण ते माझ्या ‘का?’ला दचकत नाही. हे तुम्हाला भित्रेपण वाटत असेल तर वाटो.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. वृत्तांत जुळत नाहीत: येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या मरणाविषयी मत्तय एक सांगतो आणि प्रेषितांची कृत्ये दुसरं, हे मला ज्या संडे स्कूलला तुम्ही नाकं मुरडता तिथेच कळलं. चार साक्षीदारांनी शब्दाला शब्द एकच सांगितलं असतं तर तुम्हीच कट शिजला म्हणाला असता. पुस्तकं माणसांनी ठरवली: मग कोणी ठरवायची होती? मंडळ्यांच्या जागांच्या भांडणांवर मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर हे उत्तरही कोर्टात जाईल. एवढंच म्हणते की त्या तारखांना जाणारे लोक बायबलचा अभ्यास करून तिथे पोचलेत असं मला तरी दिसलेलं नाही.

तुमच्या नावाबद्दल. थोमा हा येशूचा शिष्य, येशू पुन्हा उठला यावर शंका घेणारा. त्याचं नाव घेणं सोपं असतं. पण योहानाच्या शुभवर्तमानात तो पहिल्यांदा बोलतो तो अकराव्या अध्यायात, आणि म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. इतका जवळचा, इतका आतला माणूस होता तो. पुढे शंका आली तीही सगळ्यांच्या तोंडावर, स्वतःच्या नावानं बोलून दाखवली, आणि आठ दिवसांनी परत त्याच खोलीत येऊन बसला. टोपणनावानं एक ओळ फेकून पसार झाला नाही. त्याला येशूनं आपले जखमांचे हात दाखवले ते तो तिथे होता म्हणून.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमचं इथे स्वागत आहे, पुढच्या वेळी ‘ताई’ नाही म्हटलंत तरी चालेल. पौल आणि बायकांविषयी खरंच बोलायचं असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय माझ्या तोंडावर मारण्याआधी अकरावा वाचून या. तिथे पाचव्या वचनात तोच पौल मंडळीत बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे गृहीतच धरून बोलतो. हे दोन अध्याय एकाच माणसानं, एकाच पत्रात, एकाच मंडळीला लिहिलेत. त्यांचा मेळ कसा घालायचा यावर विद्वानांची एकवाक्यता नाही आणि मलाही माझ्या उत्तराची पूर्ण खात्री नाही. पण दोन्ही वाचलेल्या माणसाशीच मी त्यावर बोलेन.