प्रतिक्रियेला उत्तर : वेगळी प्रोसेस नेमकी कशासाठी?

सविनय नमस्कार.

अँड्रॉइड ॲपमधील जड काम वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतःची मेमरी असलेल्या स्वतंत्र चालत्या प्रोग्रामात) हलवावे, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला तीन दिसतात. स्क्रीन अडकू नये एवढ्यासाठी थ्रेड (त्याच प्रोसेसमधला कामाचा वेगळा धागा) पुरेसा असताना मी वाचकांना नसत्या भानगडीत पाडले, हा पहिला. प्रोसेसला स्वतंत्र हीप (ॲपच्या कोडला मिळणारी मर्यादित मेमरी) मिळते हा माझा मुद्दा अँड्रॉइड ८ नंतर लंगडा पडला, हा दुसरा. आणि कमी मेमरीच्या फोनवर दुसरी प्रोसेस म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, हा तिसरा.

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य. 'स्क्रीन अडकत नाही' हे वेगळ्या प्रोसेसचे कारण म्हणून मी लिहायलाच नको होते. ते वाक्य काढून टाकले आहे. सर्व्हिस (पडद्यामागे काम करणारा ॲपचा भाग) वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवली तरी तिच्या मूळ मेथड त्या प्रोसेसच्या मुख्य थ्रेडवरच चालतात, त्यामुळे तिथेही काम दुसऱ्या थ्रेडवर टाकावेच लागते. शिवाय मुख्य प्रोसेसने मुख्य थ्रेडवरूनच तिला हाक मारली आणि उत्तराची वाट पाहत बसली, तर स्पर्शाला पाच सेकंद प्रतिसाद न मिळाल्याने 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही पाटी झळकायची ती झळकतेच.

दुसऱ्या आक्षेपात आपण अर्धे बरोबर आहात. अँड्रॉइड ८ पासून बिटमॅपचे (मेमरीत उलगडलेल्या चित्राचे) पिक्सेल जावाच्या हीपमध्ये नसून नेटिव्ह मेमरीत, म्हणजे हीपबाहेरच्या मेमरीत, असतात. माझ्या ॲपमध्ये जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो साफ करून त्यांची पीडीएफ होते. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा एक फोटो, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट, सुमारे ४६ एमबी. आणि पान सरळ करताना एका वेळी अशा तीन प्रती हाताशी लागतात. ही सारी मेमरी हीपच्या मर्यादेत मोजली जात नाही, तेव्हा मर्यादा दुप्पट झाल्याचा माझा आनंद व्यर्थ होता. मात्र मोकळी केलेली नेटिव्ह मेमरी लगेच आणि पूर्णपणे सिस्टिमकडे परत जातेच असे नाही. मोठे तुकडे घेत-सोडत राहिले की मधेमधे भोके पडून प्रोसेस फुगलेलीच राहते. काम संपल्यावर ती प्रोसेसच बंद केली, तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) तिची पै न् पै वसूल करतो आणि मुख्य ॲप हलके राहते. फोन आला म्हणून वापरकर्ता दुसरीकडे गेला, तर परतल्यावर त्याला त्याचे ॲप जागच्या जागी सापडण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

पण खरे कारण मेमरीचे नव्हतेच, आणि ते मूळ लेखात शेवटी दोन ओळींत उरकले, ही माझी मोठी चूक. पानाच्या कडा शोधणारी लायब्ररी सी-प्लस-प्लसमध्ये आहे. एका वापरकर्त्याने सत्तरेक पानांची वही घेतली. त्यातल्या एका फोटोवर बोट आल्याने चित्र जवळपास पूर्ण काळे होते. लायब्ररीला एकही कड सापडली नाही, तिने रिकाम्या यादीतला पहिला बिंदू वाचायला घेतला, आणि सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) होऊन अख्खे ॲप स्क्रीनवरून नाहीसे झाले. कोटलिन या ॲपच्या भाषेतला ट्राय-कॅच (चूक पकडण्याची सोय) इथे उपयोगाचा नाही, आणि थ्रेड कितीही वेगळा असला तरी मरते ती पूर्ण प्रोसेस. काम वेगळ्या प्रोसेसमध्ये नेल्यावर मरायची तीच मरते. मुख्य ॲपला जोडणी तुटल्याचे कळते आणि सिस्टिम ती सर्व्हिस पुन्हा उभी करते.

यातही मी एकदा तोंडावर आपटलो. जोडणी परत होताच उरलेली पाने पाठवायची, असे मी लिहिले होते. उरलेल्यांत पहिले पान तेच काळे, त्यामुळे प्रोसेस उठे आणि पुन्हा पडे. आता पान हातात घेण्यापूर्वी त्याचा क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहितो आणि पान झाल्यावर पुसतो. उठल्यावर फाइलीत क्रमांक सापडला, तर ते पान सोडून वापरकर्त्याला 'हे पान पुन्हा टिपा' असे सांगतो.

यासाठी वर्कमॅनेजर (पार्श्वभूमीतली कामे चालवणारी अँड्रॉइडची लायब्ररी) पुरेसा आहे, असेही आपण म्हणता. वर्कमॅनेजर काम केव्हा आणि कोणत्या अटींवर करायचे ते पाहतो. काम चालते ते नेहमीच्या मांडणीत ॲपच्याच प्रोसेसमध्ये. ते दुसऱ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची सोय त्यात पुढे आली आहे, पण ती वापरणे म्हणजे माझ्याच पक्षात येणे! फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनातल्या आयसोलेटचेही (समांतर चालणाऱ्या कामांचे) तेच: एकाचा डेटा दुसऱ्याला थेट हाताळता येत नाही, पण प्रोसेस एकच. वेगळ्या प्रोसेसची ही युक्ती माझी नव्हे, हेही नोंदवतो. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट या अँड्रॉइडच्या मीडिया लायब्ररीतल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर अँड्रॉइड ७ मध्ये मीडियासर्व्हरचेच (ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या सिस्टिमच्या प्रोसेसचेच) तुकडे करून ते कमी परवानग्यांच्या वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये विभागले गेले.

आता तेरावा महिना. प्रत्येक ॲपची प्रोसेस झायगोट या आधीच तयार ठेवलेल्या मूळ प्रोसेसमधून फुटते आणि अँड्रॉइडच्या फ्रेमवर्कची बरीचशी मेमरी सामाईक राहते, त्यामुळे मेमरी दुप्पट लागत नाही. खरा खर्च आपण स्वतः ओढवून घेतो. ॲप्लिकेशन क्लासमधली (ॲप सुरू होताना आधी चालणाऱ्या कोडमधली) सुरुवातीची तयारी प्रत्येक प्रोसेसमध्ये नव्याने होते. माझी चित्रांची कॅशे आणि डेटाबेस, दोन्ही त्या बिचाऱ्या कामकरी प्रोसेसमध्येही विनाकारण उघडत होते. अँड्रॉइड ९ पासून प्रोसेसचे नाव थेट विचारता येते. ते पाहून मी ही तयारी टाळतो. शेअर्डप्रेफरन्सेस (ॲपच्या सेटिंग साठवण्याची सोय) मात्र दोन प्रोसेसमध्ये विश्वासाने वाटून घेता येत नाही, म्हणून लागतील त्या सेटिंग कामासोबतच पाठवतो. फोटो तसा पाठवत नाही, कारण बाइंडरची (प्रोसेसमध्ये निरोप नेणाऱ्या अँड्रॉइडच्या यंत्रणेची) जागा एका प्रोसेसला साधारण १ एमबी आणि तीही चालू असलेल्या सर्व व्यवहारांत मिळून. फाइलचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलची खूण) तेवढा पलीकडे जातो.

कमी मेमरीच्या फोनबाबतची आपली काळजी एका ठिकाणी अगदी रास्त आहे, आणि ती मी लेखात घेतलीच नव्हती. समोर दिसणाऱ्या ॲपने सर्व्हिसशी साधी जोडणी केली की त्या प्रोसेसलाही जवळपास त्याच तोलामोलाचे महत्त्व मिळते, त्यामुळे ओढाताण झाली तर सिस्टिम तिला आधी बंद करत नाही. जोडताना 'वेव्ह प्रायॉरिटी' हा ध्वज दिला की हे उसने महत्त्व मिळत नाही आणि कामकरी प्रोसेस आधी बंद होते. तो भाग आता लेखात घातला आहे. ज्यांचे जड काम निव्वळ कोटलिनमध्ये आहे आणि मेमरीही बेताचीच लागते, त्यांनी थ्रेडवरच थांबावे, हे आपले म्हणणे लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून नोंदवले आहे.